भिंतीतला डावा हात

लुईस्टन, मेन
३ ऑक्टोबर १९९४

प्रिय जिझेल,

तुझ्या रेआलची कंबर आणि नातवंडांचे दात यांची चौकशी शेवटी करीन. आधी माझं ऐक. काल सकाळी न्हाणीघरातली एक टाइल भिंतीवरून निसटली आणि टबात पडली. मी टबात नव्हते, ही सेंट ॲनची कृपा. टाइल परत बसवून बघावी म्हणून मी त्या जागी अंगठा दाबला, तर अंगठा आत गेला. पहिल्या पेरापर्यंत! निवृत्त होईपर्यंत अडतीस वर्षं मी या गावाच्या पाणीखात्यात नोकरी केली, दुनियेच्या गळक्या नळांची गाऱ्हाणी ऐकली, आणि माझ्याच घरात पाणी किती वर्षं भिंतीच्या पोटात बसून होतं कोण जाणे.

बोल्डुकला बोलावलं. कापडगिरणी बंद पडल्यापासून तो घरांच्या दुरुस्त्या करतो. सत्तरीचा आहे, एका कानाने बहिरा आहे, आणि दुसऱ्या कानाने फक्त हवं तेच ऐकतो. त्याने नुसत्या बोटांनी आणखी पाच टाइला काढल्या.

"मामझेल थेरियो," तो म्हणाला, "ही भिंत नाही. हा सूपमध्ये बुडवलेला पाव आहे."

"माझ्या वडिलांनी बांधली आहे ती."

"म्हणून तर अजून उभी आहे. साधा जिप्समचा बोर्ड, त्याला वरून कागद, आणि कागदावर थेट टाइला चिकटवलेल्या. त्या काळी सगळ्यांनी हाच गाढवपणा केला, मीसुद्धा. सांध्यातून पाणी शिरतं, कागद पितो, जिप्सम फुगतं. टाइल वरून चकचकीत हसत असते आणि मागे काही उरलेलं नसतं. माझ्या मेहुणीसारखं."

मेहुणीला माझ्या न्हाणीघरात आणायचं नाही, असं मी त्याला बजावलं.

आता पुढचं मी बोल्डुकला सांगितलेलं नाही. त्याने तो भिजका तुकडा ओढला तेव्हा कुबट घाण येणार म्हणून मी रुमाल नाकाशी धरला होता. घाण आली नाही. आपल्या वडिलांच्या, पापांच्या दाढीच्या साबणाचा वास आला.

तू तेव्हा लग्न होऊन सीमेपलीकडे गेली होतीस, पण मी तुला हे पूर्वी सांगितलं आहे. पापा बासष्ट साली गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, मी साडेपाचला ऑफिसातून घरी यायचे तर वर्षातून तीनचार वेळा न्हाणीघरातला आरसा ओला असायचा, आणि तोच वास. मामाँ चुलीपाशी उभी राहून छातीवर क्रूस काढायची आणि म्हणायची, "आज माझा आर्मां येऊन गेला." आधी मी घाबरायचे. मग मी वाट बघायला लागले. धाकटा भाऊ रोझेरही तोवर घर सोडून गेलेला, घरात आम्ही दोघी बायका, आणि आमच्याकडे येणारं ते एकच माणूस. त्र्याऐंशी साली मामाँ गेली आणि वास बंद झाला. पापा तिला न्यायला येत होते, घेऊन गेले, असं मी समजले आणि त्याचं मला समाधान होतं.

आता अकरा वर्षांनी तो भिंतीतून का यावा? पुढच्या आठवड्यात बोल्डुक सगळी भिंत उघडणार आहे. मला अंघोळ स्वयंपाकघरात करावी लागते आहे, ते वेगळंच.

तुझी
फर्नांद

---

कोटिकूक, क्यूबेक
११ ऑक्टोबर

प्रिय फर्नांद,

रेआलची कंबर तशीच आहे आणि लहान मेलानीचे पुढचे दोन दात आले. इथे दोनदा दंव पडून गेलं.

तुझं पत्र वाचून काळजी वाटली. माझं ऐकशील तर सगळी भिंत उघडू नकोस. टाइल पडली तेवढ्या जागी प्लास्टिक ठोक, वर पडदा लाव, झालं. आपल्या दोघींचं आता किती राहिलं आहे? त्या घरात एकटीने राहायचंच कशाला, असं मी किती वेळा म्हटलं. विकून टाक आणि इथे ये. माझ्याकडे खालची खोली रिकामी आहे. म्हणजे रिकामी करता येईल.

त्या वासाचं मनावर घेऊ नकोस. जुन्या घरांना वास असतात. मामाँ म्हणायची तसं, पापा असतील. त्यांना असू दे तिथे. उगीच खाजवून खरूज काढू नकोस, एवढंच सांगते.

रविवारी तुझ्यासाठी मेणबत्ती लावीन.

जिझेल

---

लुईस्टन
१८ ऑक्टोबर

प्रिय जिझेल,

प्लास्टिक ठोक म्हणे! अंगठा आत जाईल अशी भिंत झाकून मी पडदा लावू? तुला घर विकायची घाई झाली आहे. तुझा वाटा तुला माझ्यानंतर मिळेलच. मी अजून मेलेली नाही.

भिंत उघडली. आता नीट वाच.

पापांनी सत्तावन्न साली लावलेला बोर्ड करड्या कागदाचा आहे. तो सगळा गेला. पण नळाच्या बाजूला, दाराएवढ्या उंचीचा आणि हातभर रुंदीचा एक पट्टा धडधाकट निघाला. त्याचा कागद हिरवा आहे. बोल्डुकने त्यावर टकटक केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हा कुणी लावला?"

"माझ्या वडिलांनी."

"मामझेल, हा पाणी सोसणारा बोर्ड आहे. तुमचे वडील गेले तेव्हा हा दुकानात मिळत नव्हता. हा सत्तर सालानंतरचा. ही भिंत आधी एकदा दुरुस्त झालेली आहे."

"या भिंतीला कुणी हात लावलेला नाही. मी इथेच राहते. मला माहीत असायला नको?"

"तसं प्रत्येक नवऱ्यालाही बायकोबद्दल वाटतं," तो म्हणाला. मी त्या दिवशी त्याला कॉफी दिली नाही.

हे एक. दुसरं ऐक. आरशाचं कपाट काढल्यावर त्याच्या मागच्या पोकळीतून दाढीची पाती खाली पडली. मूठभर. तुला आठवत असेल, त्या कपाटांच्या आत एक फट असते, वापरलेलं पातं त्यात टाकलं की भिंतीत जातं आणि माणूस ते विसरतो. कोणत्या शहाण्याने ही युक्ती काढली कोण जाणे. घरोघरी भिंती पात्यांनी भरल्या असतील. पण आपलं ते कपाट मामाँने वाणसामानाची कुपनं साठवून आणलं, एकाहत्तर साली. मीच बसमधून मांडीवर धरून आणलं. त्याआधी तिथे नुसता आरसा होता. एकाहत्तरनंतर या घरात दाढी करणारं कोण होतं? मामाँ? मी?

पापांचं भूत असेल असं मला वाटून घ्यायला आवडलं असतं. पण भुतं साबण वापरत असतील, पाती बदलत नाहीत.

रोझेर म्हणशील, तर तो अडुसष्टच्या नाताळाआधीच गेला. आपल्यात त्याचं नाव काढत नाहीत, पण मी काढते. वीस वर्षांचं पोर, व्हिएतनामला जायचं बोलावणं आलं आणि तो निघून गेला. महिन्याभराने दोन सरकारी माणसं दारात आली, कुठे आहे म्हणून विचारायला लागली. मामाँ उठून चुलीकडे गेली. मी खरं ते सांगितलं, की एडगार मामाच्या जंगलातल्या झोपडीत असेल, मेपलचा पाक करतात तिथे. आपल्याला नन्सनी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं, निदान मला तरी. आणि ती माणसं रिकाम्या हातांनी परत आली, म्हणजे कुणाचं काही बिघडलं नाही. त्यानंतर त्याची चिठ्ठी नाही, निरोप नाही. पंचवीस वर्षं मी रोज त्याच्यासाठी जपमाळ ओढते. सत्त्याहत्तरमध्ये सगळ्या पळालेल्यांना माफी मिळाली तेव्हा मी पुढच्या ओसरीतला दिवा रात्रंदिवस चालू ठेवला होता, एक वर्ष. तरी तो आला नाही.

तर मग कोण? तुला काही माहीत आहे का?

फर्नांद

---

कोटिकूक
२७ ऑक्टोबर

प्रिय फर्नांद,

घाईत लिहिते आहे, रेआलला डॉक्टरकडे न्यायचं आहे.

पाती माझी असतील. उन्हाळ्यात मुलांना घेऊन यायचे तेव्हा मी पायांवरचे केस काढत असे. तुला सांगितलं असतं तर तू फादरांना सांगितलं असतंस. आणि हिरवा बोर्ड वगैरे बोल्डुकचं काय ऐकतेस, त्याला दिसतं तरी का नीट? मामाँने कुणाकडून तरी करून घेतलं असेल, तू ऑफिसात असताना, आणि सांगायचं राहिलं असेल. त्यात काय एवढं?

तू म्हणालीस कुणाचं काही बिघडलं नाही. असेल. भिंत बंद करून टाक, फर्नांद. हात जोडून सांगते.

जिझेल

---

लुईस्टन
३ नोव्हेंबर

जिझेल,

तुझे पाय आम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहेत. तू ते कधीही साफ केलेले नाहीस. खोटं बोलायचं तर जरा अभ्यास करून बोलत जा.

आता मी सांगते काय झालं ते.

काल बोल्डुकने त्या हिरव्या पट्ट्यावरच्या टाइला काढल्या. टाइलचा गोंद दात्यांच्या थापीने ओढतात, केसांत कंगवा ओढल्यासारख्या रेघा उठतात. त्याने दिवा तिरपा धरून मला दाखवलं. सगळ्या रेघा कमानीसारख्या उलट्या बाजूला वळलेल्या. "डावखुरा माणूस," तो म्हणाला, "आणि कसबी. माझ्याहून बरा. असं काम मी कधी केलं नाही."

आपल्या घरात डावखुरा एकच होता. शाळेतल्या सिस्टरांनी निरोप पाठवला होता की मुलगा सैतानाच्या हाताने लिहितो, आणि मग अभ्यासाच्या वेळी मी त्याचा डावा हात माझ्या मोज्याने खुर्चीला बांधायचे. तो रडायचा नाही. उजव्या हाताने वाकडंतिकडं लिहायचा आणि मी सोडलं की डाव्याने माझी वेणी ओढायचा.

पण मग बोल्डुकने दिवा खाली नेला. दोन बोर्ड जुळतात तिथे सांध्यावर लुकण भरलेलं, आणि त्या लुकणात एक पंजा उमटलेला. कुणीतरी तोल सावरायला हात टेकला असेल आणि वर टाइल लावून टाकली असेल. डावा पंजा. अंगठा, दोन बोटं, आणि पुढच्या दोन बोटांच्या जागी नुसत्या गाठी.

रोझेरचा नाही. ती दहाही बोटं मी रोज रात्री धुतलेली आहेत. मामाँ एक्केचाळीस वर्षांची असताना तो झाला, ती अंथरुणाला खिळलेली, त्याला वाढवला मी. त्याला दहा बोटं होती.

"गिरणीवाला दिसतो," बोल्डुक म्हणाला. "आमच्यातल्या निम्म्यांची बोटं यंत्रात गेली." मग त्याने मला विचारलं, की हे काम एका दिवसात होणारं नाही, गोंद दिवसभर वाळू द्यावा लागतो आणि सांधे दुसऱ्या दिवशीच भरता येतात, तर मग तुम्ही दोन दिवस घराबाहेर कधी होतात?

एकदाच होते. चौऱ्याहत्तरच्या जुलैमध्ये. मामाँ हट्ट धरून बसली की मी सेंट ॲनच्या यात्रेला जायलाच हवं, आपल्या चर्चच्या पॅरिशची बस निघते आहे, रोझेरसाठी नवस करून ये. नऊ दिवस! मी गुडघ्यांवर त्या पायऱ्या चढले. गुडघे सोलून परत आले तर ती दारात हसत उभी, आणि न्हाणीघर लखलखीत. मला वाटलं, माझ्यासाठी घासलं.

घरात पुरुष होता, जिझेल. सदुसष्ट वर्षांच्या आपल्या आईने मला सेंट ॲनकडे पिटाळून घरात पुरुष आणला, आणि त्याला पापांचा साबण दिला. आणि तो कोण हेही मला माहीत आहे. लालिबेर्ते. चर्चमध्ये गाणारा तो विधुर, गिरणीच्या पिंजणखात्यात होता, हाताला बोटं कमी. दर पानगळीत कोबी घेऊन यायचा. इतके कोबी कुणी कुणाला उगीच देत नाही! आणि मी मूर्ख, पापांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून चर्चमध्ये मिस्सा करवत होते.

लालिबेर्ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे, वृद्धाश्रमात असतो. मी सोमवारी जाऊन त्याच्या तोंडावर विचारणार आहे. आणि या महिन्यातली मामाँची स्मरणाची मिस्सा मी रद्द करते आहे. तिची तसबीर मी उतरवली आहे. भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

फर्नांद

---

कोटिकूक
९ नोव्हेंबर

फर्नांद,

मामाँची तसबीर सरळ कर. आत्ता, हे वाचायच्या आधी. आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली असशील तर त्याची माफी माग. तो कोबी तुझ्यासाठी आणत होता, हे तुझ्याखेरीज सगळ्या पॅरिशला माहीत होतं.

मी मामाँला मरताना शब्द दिला होता. तो आज मोडते, कारण तिचं नाव असं निघालेलं मला सोसवत नाही.

तो पंजा रोझेरचाच आहे.

त्या दिवशी ती सरकारी माणसं दारातून वळली आणि तू डोक्यावर रुमाल बांधून ऑफिसला गेलीस. मामाँने एडगार मामाला फोन केला. मामाने झोपडीवर जाऊन रोझेरला सांगितलं, की निघ, ते रस्त्यावर आहेत. तो आहे तसा निघाला. जानेवारी होता. मोठा रस्ता सोडून जंगलातून सीमेपर्यंत चालला, आणि एका ओढ्यावरचा बर्फ फुटून त्याचा डावा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. हातमोजा हाताला गोठून बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्या दारात आला. डॉक्टरांनी दोन बोटं काढली. तो वीस वर्षांचा होता, आणि मी त्याचा हात धरून बसले होते, तू नाही.

एवढं बिघडलं, फर्नांद. तू विचारलंस म्हणून सांगते.

तेव्हापासून तो इथेच आहे. टाइला बसवतो. आमच्या खालच्या खोलीत राहतो. रेआल लाकडाचा ट्रक घेऊन तिकडे यायचा तेव्हा वर्षातून तीनचारदा त्याला पुढच्या सीटखाली दडवून आणायचा, सकाळी तू ऑफिसला गेल्यावर. दाढी केल्याशिवाय मामाँ त्याला टेबलाशी बसू देत नसे. पापांचाच साबण ती आणून ठेवायची. तो जेवायचा, तिच्या हातचं वाटाण्याचं सूप दोनदा घ्यायचा, आणि चारला निघायचा. तू आरसा पाहिलास तेव्हा तिच्या तोंडून पापांचं नाव निघून गेलं. मग ते तसंच चाललं. ती दर वेळी त्याबद्दल कबुलीजबाब द्यायची, बिचारी. चौऱ्याहत्तरमध्ये नळापाशी भिंत ओली झालेली त्याने पाहिली आणि म्हणाला, मामाँ, मी इथे असताना ही भिंत अशी राहायची नाही. तू जाशील अशी जागा शोधायची होती. सेंट ॲनखेरीज तू कुठे गेली असतीस?

मामाँला तुझी भीती वाटायची. ती म्हणायची, फर्नांद वाईट नाही, पण तिला कुणी प्रश्न विचारला की ती उत्तर देते.

पण माफी मिळाल्यावरही तो समोर आला नाही, ते मामाँमुळे नाही. मी त्याला किती म्हटलं, आता तुला कशाची भीती, जा तिच्याकडे. तो म्हणाला, "ती आधी माझे हातच बघेल. मग विचारील हे कसं झालं. आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही." म्हणून नाही आला. तुला कळू नये म्हणून.

मामाँच्या अंत्यविधीला तो होता. शेवटच्या बाकावर, दाढी वाढवलेला. शवपेटीच्या मागून जाताना तू त्याच्यापाशी थांबलीस. काय म्हणालीस, आठवतं?

एक सांगायचं राहिलं. ऑक्टोबरच्या दोन तारखेला तुला आलेला वास मला समजत नाही. त्या दिवशी तो इथेच होता, माझ्यासमोर, बटाटे सोलत.

जिझेल

---

लुईस्टन
२ डिसेंबर

प्रिय जिझेल,

तीन आठवडे मी लिहिलं नाही. तुला फोन करून रडायची सवय आहे, मला नाही.

तसबीर सरळ केली. मिस्सा झाली. लालिबेर्तेकडे गेले होते, पण तुझं पत्र यायच्या आधीच. मी आरोप करायला तोंड उघडलं, तर तो मला ओळखून इतका आनंदला, की मी खुर्चीवर बसले आणि त्याला संत्रं सोलून दिलं. त्याची बोटं उजव्या हाताची गेली आहेत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आठवतं. मी म्हणाले होते, "चर्चमध्ये खिशातून हात बाहेर काढावेत." तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, चला, कुणाला तरी शिस्त लावली.

आता तुला एक खरं सांगते, कारण मला तेवढंच येतं. तू लिहिलंस ते वाचून मी स्वतःला रोज विचारलं, की तेव्हा मला हे सगळं आधी कळलं असतं, ओढा, बर्फ, बोटं, तर मी त्या माणसांना काय सांगितलं असतं? उत्तर यायला अठरा दिवस लागले. मी खोटं बोलले असते. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं असतं, की मला ठाऊक नाही. पण तेव्हा मी विचारच केला नाही. प्रश्न आला, मी हात वर केला, वर्गात करायचे तसा. त्याचा हात मी दोनदा बांधला, जिझेल.

भूतही गेलं माझं. बारा वर्षं मला वाटत होतं की या घरात कुणीतरी मला भेटायला येतं. ते येत होतं, आणि मी ऑफिसातून यायच्या आत निघून जात होतं.

भिंत उघडीच आहे. बोल्डुकला मी येऊ नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मामझेल, हिवाळ्यात उघडी भिंत ठेवता? नळ गोठतील." मी म्हटलं, ज्याची भिंत आहे तो येईल. बोल्डुकने हत्यारं आवरली. त्याने जुना बोर्ड सगळा काढून नेला, फक्त पंजाचा तुकडा कापून ठेवला आहे. तो माझ्या कपाटात आहे, चादरींखाली.

सामान टबात ठेवलं आहे. बोर्ड, स्क्रू, गोंद, सांधे भरायची पूड, पांढऱ्या टाइला. थापी नवी आहे. आरशाखाली साबण ठेवला आहे, पापांचाच, शोधून आणला. सूप चुलीवर असेल.

त्याला सांग, मी सोमवार ते शुक्रवार सकाळी आठला घरातून निघते आणि साडेपाचला परत येते, नेहमीसारखी. कुठे जाते हा माझा प्रश्न. वाचनालय आहे, चर्च आहे, बस आहे. काल मी दोन तास कॉफीच्या दुकानात टोपी घालून बसले होते आणि बोल्डुक काचेतून बघून गेला. गावभर सांगेल की थेरियो बाईचं डोकं फिरलं. सांगू दे. किल्ली मामाँ ठेवायची तिथेच आहे. ती कुठे ठेवायची ते मला माहीत नव्हतं, पण परवा कोळशाच्या खोलीच्या दारामागच्या खिळ्यावर एक गंजलेली किल्ली सापडली. तिला तेल लावून ठेवलं आहे.

त्याला मला तोंड दाखवावं लागणार नाही.

फर्नांद

---

कोटिकूक
१० डिसेंबर

प्रिय फर्नांद,

मी त्याला तुझं पत्र वाचायला दिलं. त्याने ते खिडकीशी उभं राहून वाचलं, मग पुन्हा वाचलं. मी म्हटलं, काय सांगू तिला? त्याने पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

मग म्हणाला, "बोर्ड कुठला आणलाय? जिप्समचा असेल तर परत करायला सांग. सिमेंटचा लागतो."

एवढंच. काल सकाळपासून त्याच्या हत्यारांची पेटी खोलीत दिसत नाही. रेआलला विचारलं तर तो माझ्याकडे बघून पाइप भरत बसला.

जिझेल

---

लुईस्टन
१५ डिसेंबर, गुरुवार, संध्याकाळचे सहा

प्रिय जिझेल,

सिमेंटचाच आणला होता. मी काही मूर्ख नाही.

गेले नऊ दिवस मी आठला निघते आणि साडेपाचला येते. रोज दार उघडल्यावर आधी उभी राहून वास घेते, मग टोपी काढते. सूप रोज तेवढंच असायचं. आज पायऱ्यांवरचा बर्फ झाडलेला होता. मी झाडला नव्हता.

वाडगा धुऊन उपडा ठेवलेला. पातेल्यात सूप निम्मं. न्हाणीघराच्या दारात वास मला आडवा आला आणि मी चौकटीला धरून उभी राहिले. मी सहासष्ट वर्षांची आहे, मला माहीत होतं हे काय आहे, तरी माझ्या अंगावर काटा आला. आरसा अजून ओला होता. आरशाचं कपाट परत बसवलेलं, त्याच्या कडेला साबणाचा फेस लागलेला. मी तो पुसला नाही.

भिंत उभी आहे. खालपासून वरपर्यंत, एक टाइल वाकडी नाही. बोल्डुकला बोलावून दाखवणार आहे, त्याचं तोंड बघायला. मी हात लावून पाहिला. गार, पक्की. कुठेही अंगठा आत जात नाही.

पण सांधे रिकामे आहेत. टाइलांच्या मधल्या सगळ्या फटी उघड्या. पूड आणि बादली टबाशेजारी ठेवलेली, पुडा फोडलेला नाही, वर थापी धुऊन पालथी घातलेली. विसरला नाही तो. गोंद दिवसभर वाळायला हवा. सांधे दुसऱ्या दिवशी भरतात, हे मला बोल्डुकने सांगितलं आहे आणि रोझेरला वाटत असणार की मला हे माहीत नाही.

म्हणजे तो उद्या येईल. मी आठला निघून गेले की, मामाँच्या किल्लीने.

मी सूप चढवलं आहे, दोघांपुरतं. तो खिशात हात घालून उभा राहिला तर मी काही म्हणणार नाही. त्याने बाहेर काढला तर तो हात मी हातात घेईन, आणि कसं झालं ते विचारणार नाही. मला उत्तर माहीत आहे.

हे पत्र तुला पोचेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, त्यामुळे तुला त्याला सावध करता येणार नाही. म्हणूनच फोन न करता पत्र लिहिते आहे.

उद्या माझं ऑफिस बंद आहे.

फर्नांद